जावयाच्या अन्ननलिकेचं जुळं

जावयाला वाढताना उज्ज्वलाबाई भोईटे कुणाच्या बापाचं ऐकत नसत. एस.टी.त उभी हयात कंडक्टरकी केलेली बाई. आता गाड्यांना कंडक्टर राहिला नव्हता, निम्म्या गाड्यांना तर ड्रायव्हरही नव्हता. पण उज्ज्वलाबाईंच्या काळी फलटण-बारामती गाडीत पंचेचाळीस सीटांवर ऐंशी माणसं बसायची, आणि ती त्याच बसवायच्या. 'आत सरका, आत भरपूर जागा आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं रुळलं होतं, की माणसाच्या पोटातही आत कुठंतरी भरपूर जागा असणारच, अशी त्यांची ठाम समजूत होऊन बसली होती.

कौस्तुभ पाटावर बसला रे बसला, की त्या पोळी घेऊन समोर उभ्या. "एवढी घ्याच, जावईबापू." "अर्धीच आहे हो." "माझी शपथ आहे." अर्धी म्हणून ताटात पडायची ती नेहमी अख्खी असायची. कौस्तुभ पुण्याला मेट्रोच्या सिग्नलचं काम बघायचा, शिकलेला, मितभाषी माणूस. तो मान खाली घालून सगळं संपवायचा आणि उज्ज्वलाबाई मग गल्लीभर सांगत सुटायच्या, "आमचा जावई म्हणजे गुणाचा पुतळा. ताटात शीत टाकत नाही."

वैशाखातल्या एका रविवारी असंच जेवण झालं. आमरस, पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. केतकी, म्हणजे उज्ज्वलाबाईंची एकुलती एक लेक, त्या दिवशी नवऱ्याच्या ताटाकडं कमी आणि हातातल्या फोनकडं जास्त बघत होती. कौस्तुभच्या गळ्याखाली रुपयाएवढी एक पांढरी चकती चिकटवलेली दिसली, तेव्हा उज्ज्वलाबाईंनी विचारलंही, "हे काय लावून घेतलंय?" केतकी म्हणाली, "उन्हाचं आहे काहीतरी." तिच्या आवाजावरून आईला कळायला हवं होतं, पण आईचं लक्ष पाचव्या पोळीत होतं.

जेवणं उरकून घर आडवं झालं. उज्ज्वलाबाई वाळवण गोळा करायला मागच्या दारी गेल्या आणि तिथंच थबकल्या. न्हाणीच्या मागच्या नालीशी कौस्तुभ भिंतीला हात लावून वाकला होता. तो ओकत नव्हता. ओकणाऱ्या माणसाला उमासे येतात, पोट ढवळून निघतं; गाडीत अशी माणसं उज्ज्वलाबाईंनी हजारांनी सांभाळली होती. याचं तसं काहीच नव्हतं. नुसतं वाकलं, की घास आपला परत येत होता, जसा गेला तसाच. रसाचा रंगसुद्धा बदलला नव्हता.

उज्ज्वलाबाई मागच्या मागं स्वयंपाकघरात गेल्या, रसाच्या पातेल्याला नाक लावलं, तूप हुंगलं, पुरणाचा खडा जिभेवर ठेवून बघितला. मग केतकीला हलवून उठवलं. "माझ्या हातचं बाधलं गं त्यांना. कशानं बाधलं तेच कळेना."

केतकी उठून बसली. "आई, तुझं काही बाधलेलं नाही. हे तीन वर्षं चाललंय."

"तीन वर्षं?"

"त्याच्या अन्ननलिकेला खाली पिशवी झाली आहे. खाल्लेलं पोटात जायच्या आधी तिच्यात साठतं. आडवा झाला की परत तोंडात येतं, कधी श्वासनलिकेत उतरतं. दोनदा न्यूमोनिया झाला ना त्याला, तो त्यानंच. परवा डॉक्टरांनी तपासणीसाठी त्याच्या घशात सूत सोडलंय. त्या म्हणाल्या, रोजच्यासारखं जेवू दे, कुणाला काही सांगू नका. आणि कौस्तुभ म्हणाला, आईंना तर मुळीच सांगू नकोस, त्या जीवाला लावून घेतील."

उज्ज्वलाबाईंनी ते जीवाला लावूनच घेतलं. तीन वर्षांतले सगळे सणवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले आणि आपण केलेलं बहुतेक सगळं कुठं गेलं असेल ते कळलं. त्या कौस्तुभला काही बोलल्या नाहीत. पण गुरुवारी डॉक्टरांकडं जायचं आहे हे कळल्यावर, कुणी बोलावलं नसताना, सकाळच्या गाडीनं पुण्यात हजर झाल्या.

डॉक्टर अफशान मुजावर मूळच्या साताऱ्याकडच्या. उंच, केस पिकलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी उज्ज्वलाबाईंकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे फलटण तुम्हीच. बसा, मावशी."

याचा अर्थ उज्ज्वलाबाईंना तेव्हा कळला नाही.

डॉक्टरांनी भिंतीवरचा पडदा चालू केला. पडद्यावर एक गुलाबी नळी दिसत होती, वीतभरापेक्षा जरा लांब. मधूनच तिच्यातून वरून खाली एक लाट जायची. नळीच्या खालच्या टोकाला, एका बाजूला, चिकूएवढा फुगा लोंबत होता.

"ही यांच्या अन्ननलिकेची प्रत आहे. आम्ही हिला जुळं म्हणतो," डॉक्टर म्हणाल्या. "यांनी जे सूत गिळलंय ते शिवणाच्या दोऱ्याहून बारीक आहे. घशापासून जठरापर्यंत आतून चिकटून बसतं आणि महिन्या-दीड महिन्यानं आपोआप विरघळून जातं. त्यात कणाकणाला दाब मोजायची सोय आहे. एकेक घास कुठं अडला, कुठं किती रेटा बसला, ते सगळं ती गळ्याखालची चकती इकडं आणि केतकीच्या फोनवर पाठवते. त्यावरून संगणक हे जुळं घडवतो. खऱ्या नळीला जे होतं ते याला होतं. याला आपण भाकरी खाऊ घालू शकतो, वीस वर्षांनी म्हातारं करू शकतो, याच्यावर हजार वेळा शस्त्रक्रिया करून बघू शकतो. माणूस मात्र खुर्चीत आरामात बसलेला असतो."

कौस्तुभ खुर्चीत बसला होता, पण आरामात नव्हता. सासूसमोर आपली अन्ननलिका भिंतीवर लावलेली कुठल्या जावयाला आवडेल?

"पण हे झालं कशानं?" उज्ज्वलाबाईंना दुसरं काहीच ऐकायचं नव्हतं.

"अन्ननलिका म्हणजे नळाचा पाइप नव्हे, मावशी. तिचा स्नायू घासाला ढकलत ढकलत खाली नेतो. माणूस डोक्यावर उभा राहून जेवला तरी घास पोटातच जाईल. खाली जठराच्या तोंडाशी स्नायूची झडप असते. घास आला की ती उघडते, गेला की मिटते. यांची झडप वेळेवर उघडत नाही. वरचा स्नायू मात्र ढकलतोच आहे, तोही नको तेवढ्या जोरानं. मधे कोंडलेल्या घासानं जायचं कुठं? भिंतीत जिथं स्नायू विरळ होता, तिथून आतलं अस्तर बाहेर आलं. सायकलचा टायर चिरला की ट्यूब फुगून बाहेर येते बघा, तसं. झडपेला उघड म्हणून सांगणारे मज्जातंतू का बिघडतात, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण तुमच्या पोळीनं बिघडत नाहीत, एवढं मी लिहून देते."

उज्ज्वलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली घेतला. "मग ती पिशवी कापून टाका की."

"सगळे तेच म्हणतात. पिशवी काढायची आहेच. पण नुसती ती काढली आणि झडप तशीच ठेवली, तर कोंडलेला दाब आमची शिवण उसवेल, नाहीतर दुसरीकडं नवी पिशवी करेल. म्हणून पोटाला पाच छोटी भोकं पाडायची, तिथून वर जाऊन पिशवी खाली ओढायची, तिची मान पिना मारून कापायची, वरून स्नायू शिवून घ्यायचा. मग नळीच्या दुसऱ्या अंगाला, आतल्या अस्तराला धक्का न लावता, आवळलेला स्नायू उभा चिरायचा, झडपेच्या खालपर्यंत. शेवटी जठराचाच एक पदर त्या चिरेवर पांघरायचा, म्हणजे पोटातलं आम्ल वर येत नाही. एवढं ठरलेलं आहे. प्रश्न आहे तो चीर किती लांब घ्यायची याचा."

डॉक्टरांनी पडद्यावर दोन जुळी शेजारी शेजारी लावली. एकाची चीर लांब होती, वरच्या जोरकस स्नायूपर्यंत गेलेली. त्याला दाबाची भीतीच नव्हती, काहीही आलं तरी सुरक्षित. पण त्या नळीतली लाटही गेली होती. घास आपला घरंगळत उतरत होता. अशा माणसाला जन्मभर पातळसर, मऊ खावं लागणार. पेज, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. झोपायचंही उशा रचून. दुसऱ्याची चीर आखूड होती. त्याची लाट शाबूत होती, तो भाकरीही खाऊ शकत होता. फक्त एक अट होती. पोट भरलं की थांबायचं. भरल्या नळीवर आणखी घास रेटले, तर पुन्हा दाब साठणार आणि पिन मारलेल्या जागीच पुन्हा पिशवी येणार.

"मग आखूडच करा," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "हा माणूस कधी अधाशासारखा खात नाही."

डॉक्टर जरा घुटमळल्या. "घरी नाही खात. ऑफिसात नाही, हॉटेलात नाही. सगळीकडं वेळेवर थांबतात. त्या हिशेबानं आखूड चीर शंभरात शहाण्णव वेळा टिकते. पण यंत्रानं यांच्या त्या रविवारच्या खाण्याचा एक वेगळा कप्पा केलाय. आम्ही सांगितलं नव्हतं, त्यालाच त्या खाण्याचा मेळ इतर जेवणांशी बसेना. तो कप्पा धरला, तर आखूड चीर साठ वेळाही टिकत नाही."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. कप्प्यावर यंत्रानं चकतीनं कळवलेल्या गावाचं नाव घातलं होतं, 'फलटण'.

उज्ज्वलाबाईंना वाटलं, आपल्या नावाचा बोर्ड लावून आपल्याला चौकात उभं केलंय.

संध्याकाळी केतकीच्या स्वयंपाकघरात त्यांनी लेकीला विचारलं, "काय ठरवलं त्यांनी?"

"लांब चीर." केतकी कोथिंबीर निवडत होती, तिनं वर बघितलं नाही. "मी म्हटलं, आखूड घे आणि फलटणला जेवायला जाणं सोड, आई समजून घेईल. तर म्हणतो, फलटण सोडायचं नाही. आणि तिथं गेल्यावर आईंना नको म्हणणं मला जमायचं नाही. त्यापेक्षा पेज परवडली."

उज्ज्वलाबाई तिथंच ओट्याला टेकल्या. माणूस सदतीस वर्षांचा. उरलेलं आयुष्य पेज पिऊन काढायला तयार, का, तर सासूला नको म्हणता येत नाही. असा कसा हा वेडा पोरगा, असं मनात येऊन त्यांना त्याचा रागही आला, आणि इतकी माया दाटून आली की काय करावं सुचेना. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, "शस्त्रक्रिया अधिक महिना संपल्यावर आहे. तोवर सूत आत आहे. फलटणच्या जेवणात ते थांबलेले दिसले, तर जुळं आपलं मत बदलेल. मीही बदलेन. पण नाटक नको, मावशी. नाटक दाबात कळतं."

मग काय, सोपंच होतं. आपण आग्रह करायचा नाही. पुढच्या रविवारी कौस्तुभ-केतकी फलटणला आले. उज्ज्वलाबाईंनी दोन पोळ्या वाढल्या, पोळ्यांचा डबा ताटाशेजारी ठेवला आणि समोर ओठ घट्ट मिटून बसल्या. आग्रहाचे शब्द घशाशी येत होते, ते गिळत होत्या. कौस्तुभनं दोन पोळ्या खाल्ल्या. सासूकडं बघितलं. तिसरी आपल्या हातानं घेतली. पुन्हा बघितलं. चौथी घेतली. केतकी फोनकडं बघून "अरे बास" म्हणाली, तरी पाचवी घेतली. तासाभरात डॉक्टरांचा निरोप आला, की आजचा दाब आमरसाच्या रविवारपेक्षाही वर गेला होता.

उज्ज्वलाबाई मागच्या दारी कौस्तुभजवळ जाऊन बसल्या. "जावईबापू, मी आज शब्दानं बोलले नाही. तरी का खाल्लंत?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणूनच." कौस्तुभ कसनुसा हसला. "वाटलं, तुम्ही दुखावल्यात. आमच्या पहिल्या दिवाळसणाला मी तिसऱ्या करंजीला नको म्हटलं होतं, आठवतंय? तुम्ही काही न बोलता आत निघून गेलात आणि त्या दिवशी जेवलाच नाहीत. मला केतकीच्या काकूंनी सांगितलं. तेव्हाच ठरवलं, या घरात पुन्हा नको म्हणायचं नाही."

पहिला दिवाळसण. करंज्या. उज्ज्वलाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी माझी अक्कलदाढ ठणकत होती. गाल धरून पडले होते मी आत. पाव्हण्यांत कुठं बोभाटा करायचा म्हणून सांगितलं नाही कुणाला."

कौस्तुभ आधी हसला, मग इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. एका दाढेपायी हा माणूस नऊ वर्षं पोट फुटेस्तोवर खात आला होता. उज्ज्वलाबाईही हसल्या. दोघांना वाटलं, सुटला गुंता. पण चहाच्या वेळी पोह्यांची दुसरी बशी समोर आली, तेव्हा कौस्तुभनं ती निमूट घेतली आणि संपवली. कारण कळल्यानं सवय जात नाही.

पुढं दोन-तीन दिवस उज्ज्वलाबाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. मला या जगात नको म्हणतं कोण? केतकी म्हणते. तीन वर्षांची असल्यापासून ताटावर उपडी पडायची, पण नको तो घास खायची नाही. ती का म्हणू शकते? कारण तिला मी रागावलेय, राबवलंय, धपाटे घातलेत. तिनं नको म्हटलं म्हणून आमचं नातं कुठं पळून जात नाही, हे तिला पुरतं ठाऊक आहे. आणि याला? याला नऊ वर्षं मी पाटावर बसवला. पाय धुवायला गरम पाणी, बसायला चौरंगाजवळची जागा, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. पाव्हणा करून ठेवला. पाव्हण्याला नको म्हणायची चोरी असते.

धोंड्याचा महिना लागला. दर तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना, यात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून घरी बोलवायचं, ओवाळायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे खाऊ घालायचे. जावयाचा याहून मोठा मान वर्षात दुसरा नाही. केतकीच्या काकू, म्हणजे उज्ज्वलाबाईंच्या धाकट्या जाऊबाई, ओवाळणी बघायला नवं लुगडं नेसून येऊन बसल्या होत्या.

कौस्तुभ दारात आला. ओवाळायचं ताट नव्हतं, पाय धुवायला पाणी नव्हतं. आतून आवाज आला, "आलास? चपला तिकडं काढ, हात धू आणि आत ये. पुरण वाटायचं पडलंय."

कौस्तुभनं मागं बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "अगं उज्ज्वला, धोंड्याच्या महिन्यात जावयाला अरेतुरे? पाप लागेल."

"लागू दे मला. तू कुरडयांकडं बघ."

तीन दिवसांचा मुक्काम होता, आणि तीन दिवस उज्ज्वलाबाईंनी जावयाला बसू दिलं नाही. पुरणयंत्राचं हँडल त्याच्याकडं, नारळ खवायचा त्याच्याकडं, गच्चीवरची टाकी घासायची त्याच्याकडं. चुकलं की बोलणी. "एवढा इंजिनियर झालास आणि पुरणात गुठळ्या? मेट्रो कशी चालते रे तुझ्या भरवशावर?" पहिल्या दिवशी तो कानापर्यंत लाल होऊन ऐकत राहिला आणि जेवताना मान खाली घालून वाढलेलं सगळं खाल्लं. केतकी आईला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, उलटंच होतंय. तो आता घाबरून खातोय." उज्ज्वलाबाईंचाही धीर सुटायला आला होता. हातचा जावई जायचा आणि पेजही चुकायची नाही, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी रेटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गुठळ्यांवरून बोलणी सुरू झाली, तेव्हा कौस्तुभनं हँडल थांबवलं. "आई, गुठळ्या माझ्यामुळं नाहीत. डाळ तुम्हीच कच्ची उतरवली. मी काय करणार?"

बाहेर जाऊबाईंच्या हातातली कुरडई मोडली. उज्ज्वलाबाईंनी डाळ बोटानं दाबून बघितली. कच्चीच होती. त्या पाठमोऱ्या झाल्या, कारण चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. "मग सकाळीच सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "चढव पुन्हा."

तिसऱ्या दिवशी पाट मांडले नाहीत. स्वयंपाकघरातच, भांड्यांच्या गराड्यात, सगळे खाली बसून जेवले. कौस्तुभनं दोन धोंडे खाल्ले, वर तूप घेतलं, चवीनं, सावकाश. उज्ज्वलाबाईंनी तिसरा उचलला. यात नाटक नव्हतं. त्यांचा हात आपसूकच गेला होता. "घे, एक घे अजून."

"नको."

"अर्धा तरी."

कौस्तुभनं ताटावर हात आडवा धरला. "नको म्हटलं ना, आई. पोट भरलं."

उज्ज्वलाबाईंना लागलं. खोटं कशाला बोला? ज्या शब्दासाठी तीन दिवस जिवाचा आटापिटा केला, तो शब्द कानावर पडला आणि छातीत कुठंतरी बारीक चिमटा बसला. आपण केलेलं परत गेलं की बाईला लागतंच. त्यांनी तो धोंडा स्वतःच्या ताटात टाकला, तूप ओतलं आणि खायला लागल्या. "भरलं असेल तर ऊठ की मग. बसून काय राहिलास? ताट घासून टाक."

कौस्तुभ उठला आणि ताट घेऊन मोरीवर गेला. केतकी फोन बघत होती, आणि तिला त्यातलं काही दिसत नसावं, कारण ती सारखी डोळे पुसत होती. संध्याकाळी जाऊबाईंच्या समाधानासाठी उज्ज्वलाबाईंनी लेक-जावयाला ओवाळलं, दिवा आणि अनारसे दिले, सगळं रीतीनं केलं. ओवाळताना मात्र त्याला म्हणाल्या, "सरळ बस जरा. पोक काढून बसतोस नुसता."

महिना संपेपर्यंत कौस्तुभ आणखी दोनदा येऊन जेवून गेला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टर मुजावरांनी जुळं दाखवलं. फलटणचा कप्पा यंत्रानं मोडून टाकला होता. ती जेवणं आता बाकीच्या जेवणांसारखीच दिसत होती, वेगळी ठेवायचं कारण उरलं नव्हतं. कौस्तुभनं आखूड चिरेसाठी सही केली. डॉक्टरांनी आधी जुळ्यावर शेकडो वेळा केलेली शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी खऱ्या माणसावर एकदा केली. पिशवी काढली, स्नायू चिरला, जठराचा पदर पांघरला. पुढं रंगीत औषध पाजून फोटो काढले. औषध सरळ पोटात उतरलं, शिवणीतून एक थेंब बाहेर आला नाही. उज्ज्वलाबाईंनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. डॉक्टर म्हणाल्या, "आता हळूहळू पातळ, मग मऊ, मग सगळं. सूत विरघळलंय. यापुढं त्यांचं ताट बघायला मी नाही, यंत्रही नाही."

पावसाळा सरला. आश्विनातल्या एका साध्या मंगळवारी दुपारी फलटणच्या घराचं दार वाजलं. कौस्तुभ होता, एकटाच. केतकी नाही, सण नाही, आमंत्रण नाही. जावई असा कधी येत नसतो. उज्ज्वलाबाईंनी दारातच विचारलं, "काय रे, बरं आहे ना सगळं?"

"बारामतीला काम होतं. भूक लागली." त्यानं चपला कोपऱ्यात काढल्या, थेट स्वयंपाकघरात गेला आणि पातेल्यांवरची झाकणं एकेक उचलून बघायला लागला. "काय आहे?"

"काय असणार? पिठलं आहे. भाकरी टाकते, बस."

तो तिथंच चुलीजवळ मांडी घालून बसला. पुण्याच्या गप्पा सांगत, घास नीट चावत, निवांत जेवला. एक भाकरी संपली, दुसरीतली अर्धी खाल्ली आणि त्यानं ताट पुढं सरकवलं. "बास झालं."

उज्ज्वलाबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

"झाकून ठेव मग," त्या म्हणाल्या. "रात्री मी खाईन."